दप्तराची किल्ली कोणाच्या हाती?

‘आम्हांला त्यातले काही कळत नाही’ हे वाक्य आपल्या मंडळींत अलीकडे मोठ्या कौतुकाने उच्चारले जाते. संगणकाचा विषय निघाला की साठीच्या पुढील सुशिक्षित गृहस्थ किंचित हसतात, हे वाक्य बोलतात आणि मोकळे होतात. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे सरकारी हिशेब तपासले, नियमांची कलमे तोंडपाठ ठेवली, ज्या भगिनींनी शाळा-महाविद्यालये चालविली, त्यांनी घरातल्या एका यंत्रापुढे आपले अज्ञान असे मिरवावे, याचे आम्हांला पूर्वी नवल वाटे. आता राग येतो. तो का येतो हे सांगण्यासाठी हा लेख आहे. काही वाचकांना तो बोचेल. आम्ही स्वतःलाही त्यातून वगळलेले नाही.

२०२२ मधली गोष्ट. इंदुरातील आमच्या एका स्नेह्यांच्या मातोश्री जात्यावरच्या ओव्या म्हणत असत. माहेर खानदेशातले, सासर इंदूरचे. त्यामुळे ओव्यांत तापीही होती आणि माळवाही होता. स्नेह्यांनी त्या नव्वदीच्या माउलीच्या तोंडून साठ-सत्तर ओव्या ध्वनिमुद्रित करून संगणकात ठेवल्या होत्या. एके सकाळी संगणक सुरू होईना. बाजारातील एका दुकानातून मुलगा आला, यंत्र घेऊन गेला आणि सायंकाळी परत ठेवून गेला. यंत्र झकास चालत होते आणि आतून रिकामे होते. ‘फॉर्मेट मार दिया अंकल, एकदम नया हो गया.’ ओव्या गेल्या. माउली त्याआधीच गेल्या होत्या. मुलाला तरी किती दोष द्यावा? त्याने विचारले होते, ‘डेटा चाहिए क्या?’ त्यावर आमच्या स्नेह्यांनी तेच वाक्य हिंदीत म्हटले होते: ‘हमको उसमें कुछ नहीं समझता, आपको जो ठीक लगे कर दो.’

आमची पाळी जुलै २०२४ मध्ये आली. आमच्याकडे २०१२ साली घेतलेला टेबलावरचा संगणक आहे. २०१९ मध्ये त्यात एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवून घेतली. विंडोज त्या नव्या डिस्कवर आणि कागदपत्रे जुन्या हार्ड डिस्कवर, अशी विभागणी झाली. त्या जुन्या डिस्कवर आमच्या आजोबांची रोजनिशी आहे. आजोबा होळकर संस्थानच्या महसूल खात्यात होते आणि रोजनिशी मोडीत लिहीत. तिची चारशेहून अधिक पाने आम्ही स्कॅन केली होती व निवृत्तीनंतरची तीन वर्षे खर्चून त्यांतील निम्मी बालबोधीत उतरविली होती. दुसरी प्रत मात्र केलेली नव्हती. हा आमचा अपराध येथेच नोंदवून ठेवतो.

त्या वर्षी मे महिन्यात अँटिव्हायरसची मुदत संपत आली. पडद्याच्या कोपऱ्यात रोज एक लाल चौकट उगवे आणि आपला संगणक धोक्यात असल्याचे बजावी. आम्ही घाबरलो. दुकानातून माणूस बोलावला. त्याने दुसऱ्या कंपनीचा, तीन वर्षांचा, सवलतीतला अँटिव्हायरस आणला आणि जुना न काढताच तो वर चढविला. त्या दिवसापासून संगणक रांगू लागला. साधे पत्र उघडावयास चार-पाच मिनिटे लागत. त्याच सुमारास कोपऱ्यातील घड्याळही मागे पडू लागले होते. भिंतीवरचे जुने घड्याळ पुढे करावे तसे आम्ही ते रोज पुढे करीत असू. कधी कंटाळून करीतही नसू. नवा अँटिव्हायरस मधूनमधून अद्ययावत होता येत नसल्याची तक्रार करी. जुलैत वडोदऱ्यास कन्येकडे तीन आठवडे राहून परतलो, बटण दाबले, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटली. योग्य बूट डिव्हाइस निवडावे, असा तिचा आशय होता.

दुकानातील मुलगा आला. त्याने दोन कळा दाबल्या आणि निकाल दिला: ‘अंकल, वायरस है. अभी तो पूरी दुनिया के कंप्यूटर बंद पड़े थे. हार्ड डिस्क भी गई समझो. फॉर्मेट मारना पड़ेगा, नहीं तो नया ले लो.’ आम्ही यंत्र त्याच्या हवाली करणारच होतो. दाराशी पोहोचता पोहोचता त्या ओव्या आठवल्या, आणि उद्या कळवितो म्हणून त्यास परत पाठविले.

मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत. त्यांस दूरध्वनी केला. सर्व ऐकून ते म्हणाले, ‘अहो, आधी एक सांगा, त्याचं घड्याळ बरोबर चालतं का?’

‘ते तर दोन महिने मागेच पडतंय. पण घड्याळाचा इथे काय संबंध?’

‘तोच तर संबंध आहे. काही करू नका, मी येतो.’

ते एक पेचकस आणि नाण्याएवढा एक सेल घेऊन आले. हा सीआर२०३२ नावाचा सेल पन्नास रुपयांच्या आत मिळतो. त्यांनी आधी भिंतीवरचे बटण बंद केले, मग पेटी उघडून जुना सेल काढला व नवा बसविला. संगणक सुरू होतानाच एक कळ दाबून त्यांनी एक निळा पडदा आणला. त्यावर २०१२ सालची तारीख दिसत होती, आणि डिस्कच्या यादीत जुनी हार्ड डिस्क पहिली होती. त्यांनी तारीख दुरुस्त केली, एसएसडीला यादीत वर आणले आणि बदल जतन केला. विंडोज सुरू झाली. रोजनिशी जागच्या जागी होती. विषाणू नव्हता आणि डिस्कही गेलेली नव्हती. तासाभरात सारे आटोपले. त्यातील वीस मिनिटे चहात गेली.

आता यात काय घडले ते सांगतो, कारण सारा वाद त्यातच आहे. संगणकाच्या मुख्य पट्टीवरील एका चिपमध्ये बायोस नावाचा लहानसा प्रोग्राम कायमचा भरलेला असतो. नव्या यंत्रांत त्याच्या वारसास यूईएफआय म्हणतात. वीज मिळताच हा प्रोग्राम जागा होतो, अवयवांची हजेरी घेतो आणि विंडोज कोणत्या डिस्कवर शोधावयाची याची यादी पाहतो. जिच्यावरून संगणक सुरू होतो ती बूट डिस्क. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांत ही यादी व घड्याळ त्या नाण्याएवढ्या सेलच्या बळावर टिकते. सेल क्षीण झाला की प्रथम घड्याळ मागे पडू लागते आणि एके दिवशी यादीही विसरली जाते. गावास जाताना आम्ही भिंतीवरचे बटण बंद केले होते, त्यामुळे बाहेरच्या विजेचाही आधार उरला नाही. यंत्र मूळपदावर गेले आणि जुन्या डिस्कवर विंडोज शोधू लागले. तेथे ती नव्हतीच. अँटिव्हायरसची तक्रारही बहुधा याच मुळाची. इंटरनेटवरील सुरक्षित जोडणीत जी प्रमाणपत्रे तपासली जातात त्यांवर तारखा असतात. घड्याळ फार मागे असेल तर नवे प्रमाणपत्र अद्याप लागूच झालेले नाही असे यंत्रास वाटते, आणि ते जोडणी नाकारते. संगणक रांगत होता त्याचे कारण मात्र निराळे होते: दोन रखवालदार एकाच दारात उभे राहून येणारी प्रत्येक फाइल दोनदा झडत होते.

सारांश, दुखणे पन्नास रुपयांचे होते. त्यावर आधी नवा अँटिव्हायरस विकला गेला, मग फॉर्मेट सुचविले गेले आणि अखेर नवा संगणक. निदान कोणीच केले नाही. ताप आला की थर्मामीटरही न लावता शस्त्रक्रिया सुचविणाऱ्या वैद्यास आपण दारात उभे करणार नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण त्यास चहा देतो, पैसे देतो आणि वर त्याचे आभारही मानतो.

या धंद्याचे भांडवल भीती आहे, आणि ही भीती जुनी आहे. खरे विषाणू असतात, याबद्दल वाद नाही. पीसीवर पसरलेला पहिला विषाणू म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो ‘ब्रेन’ १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना जेथून पहिली सूचना वाचते नेमक्या त्या जागी, बसत असे. १९९२ मध्ये ‘मायकेलँजेलो’ नावाच्या विषाणूने ६ मार्च रोजी लाखो संगणक नष्ट होतील अशी आवई जगभर उठली. प्रत्यक्षात बाधित यंत्रांची संख्या हजारांच्या घरात राहिली, अँटिव्हायरसची विक्री मात्र जोरात झाली. तेव्हापासून लाल चौकटीचा महिमा वाढतच गेला आहे.

रखवालदारही घराला कुलूप लावून जाऊ शकतो, हे मात्र आपणांस कोणी सांगत नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका सदोष अद्यतनाने विंडोज एक्सपीमधील एका आवश्यक फाइललाच विषाणू ठरविले, आणि कार्यालयाकार्यालयांतील संगणक पुन्हा पुन्हा बंद होऊ लागले. दुकानातील मुलगा ज्यास ‘पूरी दुनिया का वायरस’ म्हणत होता तो १९ जुलै २०२४ चा प्रकार तर विषाणू नव्हताच. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्यतनामुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. हैदराबादेत विमानाच्या प्रवाशास हाताने लिहिलेला बोर्डिंग पास मिळाला. हे सॉफ्टवेअर मोठ्या संस्था वापरतात. आमच्यासारख्यांच्या घरी ते नसतेच. तरीही त्या बातमीची भीती आमच्या दिवाणखान्यात येऊन विकली गेली.

आणखी एक उदाहरण अमेरिकेतील. जून २०२४ मध्ये तेथील सरकारने कॅस्परस्कीच्या विक्रीस बंदी केली. सप्टेंबरात तेथील अनेक ग्राहकांनी संगणक उघडला तो कॅस्परस्की नाहीसे होऊन ‘अल्ट्राएव्ही’ नावाचे निराळेच सॉफ्टवेअर येऊन बसलेले. बदलाची ई-मेल आली होती. पण असे परस्पर बसविले जाईल याची कल्पना नव्हती, अशी अनेकांची तक्रार होती. घराचा पहारेकरी घरमालकास न विचारता बदलला जातो, ही गोष्ट कोणासही अस्वस्थ करील. मग आपण स्वतःच, विचारले असताना, ‘तुम्हांला ठीक वाटेल ते करा’ म्हणून मोकळे होतो, त्यास काय म्हणावे?

कायदा आपल्या बाजूस आहे, हेही लक्षात असू द्यावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांस फसविणाऱ्या १३ क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. खोटी घाई निर्माण करणे, सदस्यत्वाच्या सापळ्यात अडकविणे आणि संगणकात विषाणू असल्याची खोटी भीती घालून उपाय विकणे, या तिन्हींचा त्यांत उल्लेख आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आम्ही सरकारी सेवेत आयुष्य घालविले. परिपत्रक कपाटात राहिले तर त्याचा उपयोग नसतो, हे आम्हांस ठाऊक आहे.

आता शिकण्यासारखे आहे तरी किती? आम्ही त्याची मोजदाद केली. अँटिव्हायरस बदलावयाचा असेल तर आधी नव्याचे साहित्य व परवान्याचा क्रमांक हाताशी घ्यावा, मग विंडोजच्या सेटिंग्जमधून जुना काढावा. तो नीट निघत नसेल तर बहुतेक कंपन्या स्वतःचे साफसफाईचे साधन फुकट देतात, ते चालवावे. नंतर संगणक पुन्हा सुरू करावा आणि मगच नवा बसवावा. एका घरात एकच पहारेकरी असावा. विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजमध्येच अंगभूत आहे, आणि दुसरा काढला की तो आपोआप कामास लागतो. सेल बदलल्यावर आम्ही दोन्ही विकतचे काढून त्यावरच भागविले. बाजारातील विकत घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. घ्यावा, पण कशासाठी घेतो आहोत हे ठाऊक असताना घ्यावा.

संगणक सुरूच होत नसेल तर प्रथम पेन ड्राइव्ह काढावा. कित्येकदा यंत्र त्याच्यावरच विंडोज शोधत बसलेले असते. मग तारीख पाहावी. बायोसच्या यादीत डिस्क दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर वीज बंद करून डिस्कची केबल काढून घट्ट बसवावी. डिस्क दिसते पण विंडोज अर्ध्यावर अडकते, तर दोन-तीन फसलेल्या प्रयत्नांनंतर विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखविते. तेथून सेफ मोडमध्ये शिरून शेवटचे बसविलेले सॉफ्टवेअर काढता येते. एवढे करूनही न जमल्यास तज्ज्ञास बोलवावे, पण पहिली मागणी अशी करावी: ‘डिस्क दुसऱ्या संगणकास जोडा आणि माझी कागदपत्रे आधी बाहेर काढा.’ जुन्या हार्ड डिस्कवर घाईघाईने केलेल्या फॉर्मेटनंतरही पुष्कळदा काही हाती लागते. एसएसडीवर मात्र पुसलेल्या जागा यंत्र स्वतःच रिकाम्या करून टाकते, आणि गेलेले परत मिळण्याची आशा जवळजवळ उरत नाही. नव्या लॅपटॉपवर डिस्क पुष्कळदा सांकेतिक कुलपात असते. तिचा पुनःप्राप्ती-क्रमांक मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून पाहून कागदावर लिहून ठेवावा. तो नसेल तर धड चालणारी डिस्कही परक्या यंत्रात वाचता येत नाही. हे सारे एका फुलस्केप पानात मावते.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला वयाचा. ज्या पिढीने साठीनंतर मोबाइलवर पैसे पाठविणे शिकून घेतले, तिने वयाची सबब सांगू नये. दुसरा आक्षेप असा की दुकानातील मुलांनीही पोट भरावयाचे आहे. अगदी मान्य. आमच्याकडून त्यास निदानाचे पैसे मिळावेत, फॉर्मेटपेक्षा अधिक मिळावेत. आज फॉर्मेटला दर आहे आणि विचार करण्यास नाही, म्हणून तो विचार करीत नाही. दुरुस्तीची विद्या हलकी नव्हे. पुण्याचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामास लागले, आणि पुढे बंधू संजय यांच्यासह त्यांनी क्विक हील हा अँटिव्हायरस उभा केला. पेटी उघडून आत पाहणाऱ्यालाच असे काही सुचते. तिसरा आक्षेप असा की जुनी यंत्रे टाकून द्यावीत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि २०१२ चे यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, हे खरे. म्हणून आम्ही ते इंटरनेटपासून तोडले आहे. रोजनिशी उतरविण्यासाठी इंटरनेट लागत नाही. यंत्र केव्हा टाकावयाचे हे आम्ही ठरवू. तो निर्णय लाल चौकटीने करावयाचा नाही.

शेवटी आमच्या रागाच्या मुळाशी येतो. आपली घराणी या मुलखात आली ती बहुतांशी लेखणीच्या बळावर. कोणी फडणीस, कोणी दप्तरदार, कोणी कारकून. दप्तराची किल्ली कमरेस असे आणि ती परक्याच्या हाती देणे हा गुन्हा मानला जाई. त्यांनी राखलेले कागद आज आपण मोठ्या हौसेने स्कॅन करतो, मूळ कागद वाळवीच्या स्वाधीन करतो, आणि स्कॅन ज्या पेटीत आहेत तिची किल्ली वाटेल त्यास देऊन टाकतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मराठीपणाचा पुरावा आता पुष्कळसा याच पेट्यांत आहे. तो तेथून गेला तर पुण्या-मुंबईच्या कोणत्याही ग्रंथालयात त्याची दुसरी प्रत मिळणार नाही.

आजोबांच्या रोजनिशीच्या आता तीन प्रती आहेत. एक संगणकावर, एक कपाटातील बाहेरच्या डिस्कवर, आणि एक वडोदऱ्यास कन्येकडे. दर पाडव्यास आम्ही तिन्ही उघडून पाहतो. मंडळाने वर्षातून एक दिवस सभासदांच्या अशा संग्रहांची दुसरी प्रत करून देण्यासाठी ठेवावा, अशी आमची लेखी सूचना कार्यकारिणीपुढे दिली आहे. त्या दिवशी पेचकस घेऊन येण्याचे आमच्या वीज मंडळाच्या स्नेह्यांनी मान्य केले आहे. ज्यांच्या ओव्या गेल्या तेही येणार आहेत. त्यांस वाचविण्यासारखे काही उरलेले नाही. ते इतरांच्या डिस्क जोडून देण्यास येत आहेत.